देशात एकमत नसेल तर बाहेर दिलेल्या शब्दाला काय किंमत?

मस्जिदबंदरकर

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून हे विचारायचं होतं. इथे इतिहास आणि राज्यशास्त्रातली जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय.

मी क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या धंद्यात आहे, ऑफिस मस्जिद बंदरला, माल न्हावाशेवाहून जातो. इराणला जाणारा बासमती आणि चहा हे एकेकाळी आमचं भरवशाचं काम. जुलै २०१५ मध्ये इराणचा अणुकरार झाला, एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, वर सुरक्षा परिषदेने ठराव करून मान्यता दिली, आता याहून पक्कं काय असणार असं बाजारात सगळेच म्हणत होते. आणि ८ मे २०१८ ला ट्रम्पनी जाहीर केलं की अमेरिका यातून बाहेर.

पुढे काय झालं ते मी रोज टेबलावर बघितलंय. धान्य आणि औषधं निर्बंधातून वगळलेली होती, म्हणजे कागदोपत्री तांदूळ पाठवायला काहीच हरकत नव्हती, पण मोठ्या शिपिंग लाइन्सनी इराणच्या बंदर अब्बासचं बुकिंगच घ्यायचं थांबवलं, इन्शुरन्सवाले मागे सरले, बँका प्रत्येक कागदावर नवीन क्वेरी काढायला लागल्या. पेमेंटचं तर त्याहून वाईट, कारण आपण इराणकडून तेल घ्यायचो त्याचे पैसे इथल्याच बँकेत रुपयात जमा व्हायचे आणि त्यातूनच आपल्या तांदळाचे-चहाचे पैसे सुटायचे. मे २०१९ मध्ये आपण तेल घेणं बंद केलं, मग ती शिल्लक आटत गेली आणि पार्ट्यांची बिलं लटकली. यात ना आमचा काही दोष ना इराणच्या गिऱ्हाइकाचा. भांडण वॉशिंग्टनमधल्या दोन पक्षांचं.

तर प्रश्न दोन. आपल्याकडेही हे असंच होतं का, म्हणजे दिल्लीने बाहेर शब्द द्यायचा आणि आतल्या राजकारणाने तो अडवायचा? आणि दुसरं, जास्त कामाचं: कुठला शब्द टिकणार आणि कुठला नाही हे आधी ओळखता येतं का?

---

शुभदा_पार्ले

चांगला विषय. मी बरीच वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

इराणच्या बाबतीत खरं तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे तह व्हायचा तर सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे शंभरपैकी ६७ सिनेटर पूर्ण हजर असतील तर. ओबामांकडे तेवढी मतं नव्हती, जमण्याची शक्यताही नव्हती, म्हणून तो करार त्यांनी तह म्हणून सिनेटपुढे नेलाच नाही, अध्यक्षांच्या अधिकारात केला. आणि करार व्हायच्या चार महिने आधी, मार्च २०१५ मध्ये, ४७ रिपब्लिकन सिनेटरांनी इराणच्या नेत्यांना उघड पत्र लिहिलं होतं की हा करार फक्त अध्यक्षांचा आहे, पुढचा अध्यक्ष एका सहीने तो मोडू शकतो. लपूनछपून काही नव्हतं. तीन वर्षांनी तेच झालं.

याच देशाची दोन उदाहरणं मी वर्गात शेजारी शेजारी ठेवायचे. पहिल्या महायुद्धानंतर अध्यक्ष विल्सन स्वतः पॅरिसला तहाच्या बोलणीला जाऊन बसले, त्या तहातली राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्स) कल्पना त्यांचीच, पण सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकन पक्षाचं असूनही त्या पक्षाचा एकही सिनेटर त्यांनी बरोबर नेला नाही. परत आल्यावर सिनेटने अटी घातल्या, विल्सननी आपल्या पक्षाला सांगितलं की या अटींसकट मतदान करू नका, आणि नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि परत मार्च १९२० मध्ये तह पडला. ज्यांनी संघटना सुचवली तो देश त्या संघटनेत कधी गेलाच नाही. आता १९४५. सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद ठरवायला जे अमेरिकन प्रतिनिधी गेले त्यात आर्थर व्हँडेनबर्ग होते, विरोधी पक्षाचे वजनदार सिनेटर, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत जगाच्या भानगडीत पडूच नये या मताचे. सनदेच्या मसुद्यावर त्यांचाही हात फिरला. जुलैत सिनेटमध्ये मतदान झालं, ८९ विरुद्ध २.

भांडणं दोन्ही वेळेला होती. दुसऱ्या वेळेला जो माणूस मोडू शकला असता त्याला आधीच खोलीत घेतलं होतं. मस्जिदबंदरकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच, की सही कोणी केली यापेक्षा सही होताना विरोधक कुठे होता ते बघा.

---

राजापूरकर_परळ

शुभदाताई, एकदम पटलं. फक्त विरोधक म्हणजे विरोधी पक्ष एवढंच धरू नका, आमच्या तालुक्याचं सांगतो.

आमच्या एकट्या राजापूर तालुक्यात देशाने बाहेर दिलेले दोन शब्द अडकले. एक जैतापूर. फ्रेंचांच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी जुलै २००८ मध्ये मनमोहनसिंगांचा पाठिंबा काढला, सरकार २७५ विरुद्ध २५६ असं जेमतेम वाचलं, लोकसभेत नोटांची बंडलं दाखवली गेली ते सगळ्यांना आठवत असेल. करार वाचला. पण २०१० मध्ये अपघाताच्या भरपाईचा कायदा आला तेव्हा भोपाळचा निकाल नुकताच लागला होता, लोक चिडलेले होते आणि ते रास्तच होतं, विरोधी पक्षांनी जोर लावला आणि यंत्रं पुरवणाऱ्यालाही जबाबदार धरता येईल असं कलम आत आलं. पुढे कितीतरी वर्षं परदेशी कंपन्या त्या एका कलमावर अडून राहिल्या. म्हणजे करार झाला, जगाने अणुव्यापाराची सूट दिली, आणि भट्टी काही उभी राहिली नाही. इकडे प्रकल्पाच्या गावी, माडबनला, जमिनीचं आंदोलन चालूच, २०११ मध्ये गोळीबारात एक माणूस गेला.

दुसरं नाणार. हे जरा नीट सांगतो कारण तारखा बघण्यासारख्या आहेत. वर्षाला सहा कोटी टनांची रिफायनरी, सौदीची अराम्को आणि अबुधाबीची ॲडनॉक यांच्याशी २०१८ मध्ये सह्या झाल्या. गावात आंबा-काजूच्या बागा, खाली खाडीत मासेमारी, ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, आणि मुंबईतले आम्ही चाकरमानी दर रविवारी कुठे ना कुठे बैठकीला. शिवसेनेने हा विरोध उचलून धरला. १८ फेब्रुवारी २०१९ ला मुंबईत लोकसभेसाठी शिवसेना-भाजप युती जाहीर झाली आणि त्याच पत्रकार परिषदेत सांगितलं की नाणारची रिफायनरी नाणारला होणार नाही, दुसरीकडे नेणार. आणि दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला रात्री, सौदीचे युवराज दिल्लीत उतरले! संयुक्त निवेदनात ४४ अब्ज डॉलरच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रिफायनरीचा उल्लेख आहेच. म्हणजे दिल्लीत प्रकल्प चालू आणि मुंबईत जागा रद्द, दोन दिवसांच्या अंतराने.

मी विरोध करणाऱ्यांपैकीच, आजही आहे. पण मला सौदीवाल्यांचीही बाजू कळते, त्यांनी सही कुणाच्या भरवशावर केली? केंद्राच्या. आणि केंद्राने गावाला विचारलं कधी? सह्या झाल्यावर. हा क्रम उलटा असता तर एक तर प्रकल्पच दुसरा झाला असता किंवा सहीच झाली नसती, दोन्ही चाललं असतं.

बुलेट ट्रेनचंही तेच, सप्टेंबर २०१७ मध्ये जपानच्या पंतप्रधानांना आणून भूमिपूजन केलं आणि पुढे मुंबईत सरकारं बदलतील तशी आपल्या बाजूची जमीन कधी अडली, कधी सुटली.

---

विक्रोळी_ईस्ट

राजापूरकर दादा, नाणारच्या तारखा जबरदस्त. पण मी थोडी वेगळी बाजू मांडतो. घरात विरोध असणं म्हणजे दर वेळी देशाचा हात बांधला जाणं असं नाही, कधीकधी तोच विरोध वाटाघाटीत उपयोगी पडतो. हार्वर्डचे रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये हे मांडलं, की वाटाघाटी करणारा एकाच वेळी दोन टेबलांवर बसलेला असतो, एक परदेशी लोकांबरोबरचं आणि एक घरचं, आणि घरचं टेबल कडक असेल तर तो समोरच्याला सांगू शकतो की मला मान्य आहे हो, पण हे घरी पास होणार नाही.

डब्ल्यूटीओचं, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचं बघा. डिसेंबर २०१३ ला बालीमध्ये आपण व्यापार सुलभतेच्या कराराला हो म्हटलं. मग इकडे सरकार बदललं आणि जुलै २०१४ मध्ये जिनिव्हात भारताने अडवून धरलं, की धान्यसाठ्याचा प्रश्न आधी पक्का सोडवा. जगभर टीका झाली. पण सगळ्यांना ठाऊक होतं की रेशनचं धान्य आणि हमीभाव याला हात लावून भारतात कुठल्याच पक्षाला निवडणुकीला उभं राहता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये मान्य झालं की कायमचा तोडगा निघेपर्यंत भारताला संरक्षण राहील. २०१९ च्या नोव्हेंबरला आरसेपमधून (आशियातल्या देशांचा मोठा व्यापार करार) आपण बाहेर पडलो तेव्हाही दूधवाले, शेतकरी संघटना, काँग्रेस आणि संघपरिवारातल्या संघटना सगळे एका बाजूला होते.

---

शुभदा_पार्ले

विक्रोळी, मुद्दा बरोबर, पण तुमच्या दोन्ही उदाहरणांत फूट नव्हती, उलट एकमत होतं! शेतकऱ्याच्या प्रश्नावर सगळे पक्ष एका सुरात बोलले म्हणून समोरच्याने ऐकलं. पक्ष दोन तोंडांनी बोलत असतील तर समोरचा नुसता थांबून राहतो, पुढच्या सरकारशी बघू म्हणतो.

---

साष्टीकर

धाग्याला मुंबईचा जुना दाखला द्यायचा मोह आवरत नाही, कारण आज आपल्यातले निम्मे लोक जिथे राहतात ती जमीनच या प्रकारातून इंग्रजांकडे गेली आहे.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांविरुद्ध बारभाईंनी, म्हणजे नाना फडणवीस वगैरे कारभाऱ्यांनी, कारभार हातात घेतला. राघोबा इंग्रजांकडे गेले. आता इंग्रज म्हणजे कोण? मुंबईची कौन्सिल वेगळी, कलकत्त्याची वेगळी, आणि १७७३ च्या कायद्याने युद्ध आणि तहाच्या बाबतीत कलकत्त्याला वरचा हात दिलेला. मुंबईकरांना साष्टी बेट हवं होतं, म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा सगळा भाग, आणि वसई. त्यांनी कलकत्त्याची परवानगी न घेता मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबांशी तह केला, तुम्हाला गादीवर बसवतो, आम्हाला साष्टी आणि वसई द्या. फौज निघालीसुद्धा, अडासला लढाई झाली. तेवढ्यात कलकत्त्याहून हुकूम, की हा तह आम्हाला मान्य नाही. त्यांनी कर्नल अप्टनला थेट पुरंदरला पाठवलं आणि मार्च १७७६ मध्ये बारभाईंशी दुसराच तह केला, राघोबांची बाजू सोडायची म्हणून. मग मुंबईने तो पाळला नाही, राघोबांना आसरा देतच राहिले. आणि त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या डायरेक्टरांचं पत्र आलं की सुरतेचा तहच बरोबर होता!

नाना फडणवीसांच्या जागी बसून विचार करा. तीन ठिकाणचे इंग्रज, तीन तऱ्हेचे शब्द, यातला कुठला धरायचा? जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईची फौज कोंडीत सापडली, शरण आली, १७७३ पासून घेतलेलं सगळं परत करू असं लिहून दिलं. कलकत्त्याने तेही झुगारलं, की लिहून देणाऱ्याला अधिकारच नव्हता. शेवटी १७८२ मध्ये सालबाईचा तह, आणि साष्टी राहिली ती इंग्रजांकडेच.

पण आपल्या बाजूलाही तीच गोष्ट होती हे मला जास्त लागतं. सालबाईचा तह महादजी शिंद्यांनी घडवला, जामीनही तेच राहिले, आणि पुण्यात नानांनी इंग्रजांशी लढणाऱ्या हैदरअलीकडे बघत शिक्कामोर्तब काही महिने लांबवलं. दोघांचं तोवर निभावलं, कारण दोघांना एकमेकांची गरज होती. वीस वर्षांनी ते दोघेही नव्हते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला, दुसरे बाजीराव पळून वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसले. त्या तहाप्रमाणे इंग्रजांना विचारल्याशिवाय परराज्याशी बोलणीसुद्धा करायची नाहीत. शिंदे-भोसल्यांना तो मान्य नव्हता, त्यांना विचारलंच नव्हतं, आणि पुढच्या वर्षी युद्ध. इंग्रजांची फूट अधिकाराची होती, लंडनने कायदे करून ती हळूहळू मिटवली. आपली मिटवायला वर कोणी नव्हतं.

---

मस्जिदबंदरकर

साष्टीकर, मुलुंडला राहतो आणि हे माहीत नव्हतं, खूप आभार. सगळ्यांचेच.

एक विचारू का, राजापूरकरांच्या उदाहरणात कंपन्यांचे करार आहेत. दोन देशांमधला तह, आणि राज्याने अडवला, असं आपल्याकडे झालंय का? आणि सगळ्यांना बरोबर घेऊन जमलंय असं एक तरी?

---

अनघा_घाटकोपर

दोन्ही आहेत आणि गंमत म्हणजे एकाच देशाबरोबरची, बांगलादेशबरोबरची आहेत. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं सिलिगुडीला होतो, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

अडलेला म्हणजे तिस्ता नदीचा. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहनसिंग ढाक्याला निघाले, पाणीवाटपाचा मसुदा तयार होता, बरोबर आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोरामचे मुख्यमंत्री. ममता बॅनर्जींनी ऐनवेळी जायला नकार दिला, पाणी उत्तर बंगालच्या शेतीला कमी पडेल म्हणून. कायद्याने बघितलं तर केंद्राला त्यांच्या होकाराची गरजच नव्हती, २५३ व्या कलमाखाली संसद परराष्ट्र करारासाठी राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. पण तृणमूल केंद्रातल्या सरकारचा घटक पक्ष होता, त्यांना डावलून सरकार चालवणार कसं? करार राहिला, आणि बांगलादेशनेही मग ईशान्येकडे माल नेण्याच्या वाटेचा समझोता मागे ठेवला. सिलिगुडीत रिक्षावाल्यापासून चहाच्या मळ्यातल्या मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला यावर मत होतं, आणि बहुतेकांचं ममतादीदींच्याच बाजूचं. तिथली नदी मार्चमध्ये बघितली की त्यांची भीतीही कळते, पात्रात दगडगोटेच जास्त दिसतात.

श्रीलंकेचं थोडक्यात. मार्च २०१३ मध्ये द्रमुकने संयुक्त राष्ट्रांतल्या श्रीलंकेविरुद्धच्या ठरावावरूनच केंद्रातला पाठिंबा काढला, आणि नोव्हेंबरला कोलंबोच्या राष्ट्रकुल परिषदेला पंतप्रधान गेले नाहीत.

आता जमलेलं. छिटमहल. कूचबिहारच्या आसपास भारताचे १११ तुकडे बांगलादेशात आणि त्यांचे ५१ आपल्यात, मिळून पन्नास हजारांवर माणसं, ना मतदान ना रेशनकार्ड, मुलाला शाळेत घालायचं तर खोटा पत्ता द्यावा लागायचा. इंदिरा गांधी आणि मुजीब यांनी मे १९७४ मध्ये अदलाबदल ठरवली, बांगलादेशने त्याच वर्षी मान्यता दिली. आपल्याकडे जमीन दुसऱ्या देशाला द्यायची तर घटनादुरुस्तीच हवी, बेरूबाडीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९६० मध्येच तसं सांगितलं होतं, आणि घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं. २०१३ मध्ये काँग्रेस सरकारने विधेयक आणलं तेव्हा आसाम गण परिषद, तृणमूल आणि भाजप तिघांचाही विरोध. मग भाजप स्वतः सत्तेत आला, काँग्रेस तर आधीपासून बाजूने, बंगालला पुनर्वसनाचे पैसे द्यायचं ठरलं म्हणून ममताही राजी झाल्या, आसाम भाजपची समजूत काढली गेली. मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडलं नाही. ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली. दिलेला शब्द पाळायला ४१ वर्षं लागली.

---

विक्रोळी_ईस्ट

अनघाताई, मस्त लिहिलंत. बरोबर नेण्याचं अजून एक. १९९४ मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात काश्मीरवर पाकिस्तानचा ठराव येणार होता तेव्हा नरसिंह रावांनी भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व वाजपेयींना दिलं, ते तेव्हा विरोधी पक्षनेते. पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. आणि २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं गेली, त्यातल्या दोघांचं नेतृत्व आपल्या महाराष्ट्राकडे होतं, एक सुप्रिया सुळे आणि एक श्रीकांत शिंदे. एक विरोधातल्या, एक सत्तेतले.

---

राजापूरकर_परळ

विक्रोळी, ते चांगलंच झालं, पण शिष्टमंडळ पाठवणं सोपं, तिथे कुणाची जमीन किंवा पाणी जात नाही. खरी कसोटी अनघाताईंनी सांगितलेल्या दोन गोष्टींची.

---

मस्जिदबंदरकर

अनघाताई, मग पुढचा कुठला करार बघायचा? बांगलादेशला पण आमचा माल जातो म्हणून विचारतोय.

---

अनघा_घाटकोपर

गंगेचा. १२ डिसेंबर १९९६ ला झाला, देवेगौडा आणि शेख हसीना यांच्यात, मुदत ३० वर्षं, म्हणजे डिसेंबर २०२६. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत बंगालमधल्या फराक्क्याच्या बांधावर दर दहा दिवसांना कोणाला किती पाणी हे त्यात ठरलंय. तो करार झाला कारण बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू आधी स्वतः ढाक्याला जाऊन बोलून आले होते, बंगालचं म्हणणं त्यात आलं होतं. आणि जून २०२४ मध्ये मुदतवाढीची बोलणी सुरू करायचं दिल्लीने जाहीर केलं तेव्हा ममतांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की राज्याला विचारल्याशिवाय हे चालणार नाही. त्यामुळे दिल्ली-ढाक्याच्या निवेदनांपेक्षा मी कोलकात्याकडे बघेन, बोलणीच्या टेबलावर बंगालच्या पाटबंधारे खात्याचा माणूस आहे की नाही. बिहारकडेही बघेन, गाळ आणि पुरावरून फराक्क्याचा बांधच नको असं नितीशकुमार कितीतरी वर्षं म्हणत आलेत, आणि केंद्रातलं सरकार २०२४ पासून त्यांच्या पाठिंब्यावरही उभं आहे.